पवनेच्या काठाने बेडसे लेण्यांकडे

सुट्टीचा दिवस



पिंपरी-चिंचवड, देहूरोड, खडकी, दापोडी या पट्ट्यातील आपल्या कुटुंबांना सायकल काही नवी नाही. मागच्या पिढीने सायकलवरच संसार केला. पहाटेच्या पाळीला जायचे तर सायकल, डबा पोचवायचा तर सायकल, रेशनचे धान्य आणायचे तर कॅरिअरवर गोणी बांधून सायकल. लहान पोराला पुढे दांडीवर आणि बायकोला मागे कॅरिअरवर बसवून लोक जयंतीची मिरवणूक पाहायला जात. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ते मोठ्या प्रमाणात कामगारांच्या सायकलींमुळे.

पुढे चार पैसे हाती आले, घरी मोटारसायकल आली आणि सायकल जिन्याखाली गेली. सायकल म्हणजे गरिबी असे समीकरण आपल्या मनात बसले. ज्याने नाइलाजाने तीस वर्षे पायडल मारले, त्याला ते सोडून द्यावेसे वाटले तर त्यात काही चूक नाही. पण कामासाठी मारलेले पायडल आणि आपल्या मर्जीने, आपल्या मुलाबाळांबरोबर, मोकळ्या रस्त्यावर मारलेले पायडल यांत फार अंतर आहे. पहिले आपण भरपूर केले. दुसरे आपल्यापैकी फार थोड्यांनी केले आहे. ते का करावे, कुठे करावे आणि कसे करावे, हे या वेळी पाहू.

रविवार आपल्याला कोणी मिळवून दिला?

सुट्टीचा दिवस हा आकाशातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित करून त्यासाठी लढा दिला आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्याच काळात कारखान्यातील कामाचे तास कमी करण्याचा प्रश्न धसाला लागला आणि १९४६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले.

असा झगडून मिळवलेला दिवस आपण कसा घालवतो? दुपारपर्यंत झोप, मग टीव्ही, मग मोबाइल. शरीराला विश्रांती हवीच; पण मनाला आणि मुलांना काय मिळाले, हेही विचारले पाहिजे.

वर्षातून एकदा आपण लेण्यांवर जातो, हे खरे. वस्तीतून टेम्पो किंवा मिनीबस निघते. गाणी लागतात, जेवण होते, फोटो होतात, वंदना होते आणि संध्याकाळी सर्वजण दमून परत येतात. उत्साह चांगला असतो. पण दुसऱ्या दिवशी मुलाला विचारा, लेणे कोणी कोरले, कोणासाठी कोरले, डोंगराच्या याच कुशीत का कोरले? मुलगा गप्प राहतो. कारण गाडीने त्याला थेट पायथ्याला उतरवले. वाटेतली नदी, गाव, खिंड त्याने पाहिलीच नाही. आणि लेणे समजायला आधी वाट समजावी लागते.

लेणी वाटेवरच का?

प्राचीन काळी कल्याण, सोपारा या बंदरांतून माल घाटावर येई. बोरघाट चढून आला की तो मावळच्या खोऱ्यांतून जुन्नर, पैठण, तेर या बाजारपेठांकडे जाई. बैलांचे तांडे, व्यापारी, कारागीर यांची या वाटेवर सतत ये-जा असे. भगवंतांनी भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी फिरत राहण्याचा उपदेश केला होता. भिक्खू याच वाटांनी पायी फिरत. पावसाळ्यात मात्र फिरणे थांबवून वर्षावास एका ठिकाणी करायचा असे. त्यासाठी जागा कशी हवी? भिक्षेला जाता येईल इतके गाव जवळ, ध्यानाला बसता येईल इतके ते दूर, प्यायला बारमाही पाणी आणि वाटसरूंना धम्म सांगता येईल असा रस्ता जवळ. मावळच्या डोंगरात हे सर्व एकत्र मिळाले. म्हणून कार्ले, भाजे आणि बेडसे ही तीन लेणी एकमेकांपासून थोड्या अंतरावर उभी आहेत.

मावळ हे नावही जुने आहे. कार्ले लेण्यातील सातवाहन काळातील शिलालेखात ‘मामाल’ नावाच्या प्रदेशाचा उल्लेख येतो. मामालचे मावळ झाले. म्हणजे आपण ज्या नावाने आज तालुका ओळखतो, ते नाव जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध लेण्याच्या भिंतीवर कोरले गेले आहे.

ही वाट मोटारीतून दिसत नाही. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या सायकलवरून दिसते. नदी कुठे वळली, डोंगर कुठे जवळ आला, चढ कुठे लागला, हे सायकलवाल्याच्या पायांना कळते. भिक्खू आणि तांडेवाले ज्या चालीने गेले, तिच्या सर्वांत जवळची चाल आज सायकलचीच आहे.

शांत रस्ता कोणता?

पुण्याहून लोणावळ्याकडे दोन मोठे रस्ते जातात. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, तो विसरावा. जुना मुंबई-पुणे रस्ता सायकलला खुला आहे, पण त्यावर ट्रक आणि बस यांची वर्दळ असते. मुलांना घेऊन त्यावरून लांब जाणे बरे नाही.

परंतु मावळ म्हणजे हा एक रस्ता नव्हे. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशी तीन खोरी आहेत. मधून इंद्रायणी वाहते. तिच्याच काठाकाठाने रेल्वे आणि जुना रस्ता गेला आहे, म्हणून तेथे गर्दी. दक्षिणेकडे लोहगड-विसापूरची डोंगररांग आहे आणि तिच्या पलीकडे पवना नदीचे खोरे. हे पवन मावळ शांत आहे. मुख्य रहदारी डोंगराच्या अलीकडे राहते. पलीकडे भाताची खाचरे, उसाचे तुकडे, लहान गावे आणि एकेरी-दुपदरी डांबरी रस्ता. सुट्टीच्या दिवशी पवना धरणाकडे जाणाऱ्या मोटारी वाढतात, पण त्या साधारण दहानंतर. पहाटे निघणाऱ्याला रस्ता मोकळा मिळतो.

सुरुवात देहूरोडपासून

सुरुवात देहूरोडच्या बुद्ध विहारापासून करावी. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हस्ते येथे भगवान बुद्धांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच महिन्यात रंगूनला जागतिक बौद्ध परिषद झाली होती. मूर्तीही तेथूनच आणलेली. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणजे दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी देहूरोडच्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत बुद्धमूर्ती बसली. त्रिशरण-पंचशील म्हणून येथून निघावे. २५ डिसेंबरला येथे लोटणारी गर्दी पाहता सायकलीसाठी त्यानंतरचा एखादा रविवार निवडावा.

सकाळी साडेपाच-सहाला निघावे. पहिले सहा-सात किलोमीटर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने सोमाटणे फाट्यापर्यंत जायचे आहे. पूर्ण प्रवासात गर्दीचा एवढाच तुकडा. येथे डावीकडून, एकामागे एक चालावे. मोठी माणसे पुढे आणि मागे, मुले मध्ये. बोलत, शेजारी-शेजारी चालवण्याची हौस पुढे भागवता येईल.

सोमाटणे फाट्याला डावीकडे वळले की आवाज एकदम कमी होतो. परंदवडी, बेबडओहोळ, कडधे या गावांच्या दिशेने पवनानगरचा रस्ता विचारत जावे. रस्ता चुकण्याची भीती नाही. कोणालाही ‘पवनानगर’ म्हटले की हात दाखवतात. आता आपण नदीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने जात आहोत. म्हणून चढ आहे, पण फारसा जाणवत नाही. येताना हाच रस्ता उतार होतो आणि दमलेल्या पायांना मदत करतो. नदीच्या खोऱ्यात सायकल चालवण्याचा हा मोठा फायदा. ताजेपणी चढ, थकल्यावर उतार.

थोडे पुढे गेल्यावर समोर डोंगर दिसू लागतात. उजव्या हाताची रांग पुढे विसापूर-लोहगडाला मिळते. वर धरणाच्या अंगाला तिकोना आणि तुंग उभे आहेत. थंडीत खोऱ्यावर धुके असते आणि आठच्या सुमारास ते उचलते. कापणी झालेल्या खाचरात बगळे उतरलेले असतात. मुलांना सांगावे, ही पवना. आपल्या घरातल्या नळाला येते ती हीच. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचे पाणी मिळते. पुढे ही नदी दापोडीला मुळेला मिळते.

पाण्याची आणखी एक गोष्ट मोठ्या मुलांना सांगावी. धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. शहरातल्या नळाचा आणि खोऱ्यातल्या शेताचा संबंध असा आहे. पाण्याच्या हक्कासाठी महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्यांची आपण लेकरे. दुसऱ्याच्या पाण्याची गोष्ट आपल्याला समजली पाहिजे. या गावांतून जाताना आपण पाहुणे आहोत, हे भान ठेवावे. शेतात घुसू नये, विहिरीवर न विचारता उतरू नये, प्लॅस्टिक टाकू नये.

बेडसे : सकाळचे लेणे

देहूरोडपासून साधारण तीस किलोमीटर झाले की बेडसे गाव येते. बेताने चालवली आणि दोनदा थांबले तरी नवाच्या आसपास पायथ्याला पोचता येते. ही वेळ मुद्दाम सांगत आहे. बेडसे लेण्याचे तोंड पूर्वेला आहे. सकाळचे ऊन थेट दर्शनी भागावर पडते. दुपारी गेलात तर सर्व सावलीत असते. कार्ले आणि भाजे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यांचे ऊन दुपारनंतरचे.

सायकली गावात किंवा पायथ्याला साखळीने एकत्र बांधून ठेवाव्यात. वर पायऱ्या आहेत. मुलांबरोबर अर्धा तास धरावा. वर पोचल्यावर प्रथम काहीच दिसत नाही. समोर खडकाचे दोन मोठे कातळ आणि मध्ये अरुंद वाट. त्या वाटेने आत शिरले की एकदम चैत्यगृहाचा दर्शनी भाग समोर उभा राहतो. उंच, अष्टकोनी स्तंभ, तळाशी घट, वर उमललेल्या कमळासारखे शीर्ष आणि त्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली माणसे. घोड्याच्या अंगावरचा साजसुद्धा कोरला आहे. आत स्तंभांच्या दोन रांगा आणि शेवटी स्तूप. येथे बुद्धमूर्ती नाही, कारण हे लेणे बुद्धमूर्ती घडवण्याची प्रथा रूढ होण्याच्या आधीचे, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले. त्या काळी स्तूपालाच वंदन करीत.

शेजारचा विहारही वेगळा आहे. बहुतेक विहार चौकोनी असतात. हा मागच्या बाजूला घोड्याच्या नालेसारखा गोल आहे. भोवती भिक्खूंच्या खोल्या आणि खोल्यांत दगडी बाक. मुलांना त्यावर हात ठेवून पाहू द्यावा. ज्याच्याकडे तीन चीवरे आणि एक भिक्षापात्र होते, तो माणूस या दगडावर झोपत असे.

आता येथले शिलालेख पाहावेत. ब्राह्मी अक्षरे आहेत, भाषा प्राकृत. एका लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याने दान दिल्याचे लिहिले आहे. नाशिकचा माणूस मावळात येऊन दान देतो, यावरून त्या वाटेवरची ये-जा कळते. पाण्याच्या टाक्यावरील लेखात सामडिनिका या स्त्रीचे नाव आहे. ती महाभोजाची मुलगी, आपदेवणकाची पत्नी, पण दान तिच्या स्वतःच्या नावाने कोरले आहे. आणि एका लहान स्तूपाजवळच्या लेखात गोभूती या भिक्खूची नोंद आहे. अरण्यात राहणारा, भिक्षेवर जगणारा, मारकुड डोंगरावर राहणारा असे त्याचे वर्णन आहे. तो स्तूप त्याच्या शिष्याने उभारला. बेडशाच्या डोंगराचे जुने नाव मारकुड, ते आपल्याला या एका लेखामुळे कळते. राजाच्या विजयाची गोष्ट येथे नाही. एक व्यापारी, एक स्त्री, एक भिक्खू आणि त्याचा शिष्य, एवढी माणसे दोन हजार वर्षे आपल्याशी बोलत आहेत.

आणखी एक दक्षता. लेण्यांना ‘पांडवांची लेणी’ म्हणण्याची सवय लोकांना आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना आजही पांडवलेणी म्हणतात. कोणी तसे म्हटले तर भांडण करू नये. शिलालेख दाखवावा. दगडावर दात्याचे नाव असताना वाद घालण्याची गरज पडत नाही. पण त्यासाठी आपल्या मुलाला तो लेख कुठे आहे आणि त्यात काय आहे, हे माहीत असले पाहिजे.

परतीचा रस्ता आणि पुढचा रविवार

बेडशाहून दोन मार्गांनी परतता येते. आल्या रस्त्याने उताराने सोमाटण्याला येणे सर्वांत सोपे. ज्यांच्या पायांत दम आहे त्यांनी कामशेतच्या रस्त्याने लहानसा घाट चढून इंद्रायणीच्या खोऱ्यात उतरावे. हे अंतर आठ-दहा किलोमीटर आहे. बिनगिअरच्या सायकलवर घाट चढवत नसेल तर खाली उतरून सायकल ढकलत न्यावी, त्यात कमीपणा नाही. खिंडीतून मागे पाहिले तर पवनेचे खोरे आणि पुढे पाहिले तर इंद्रायणीचे खोरे, असे दोन्ही एका नजरेत समजते. कामशेतहून परत येताना मात्र जुना रस्ताच घ्यावा लागतो. म्हणून मुले बरोबर असतील तर हा मार्ग नको.

कार्ले आणि भाजे यांच्यासाठी दुसरा रविवार राखावा. एका दिवसात तिन्ही उरकली तर तिन्हींचा गोंधळ होतो. आजी-आजोबांना न्यायचे असेल तर त्यांना लोकलने मळवली स्टेशनला उतरवावे. सायकलवाल्यांनी तेथे त्यांना भेटावे. मळवलीपासून भाजे लेणी जवळ आहेत, रस्ता शांत आहे. भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले. त्याचे खांब सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलण्यासाठी खांब असे कलते ठेवत. कारागिरांनी तेच दगडात उतरवले. जवळच एकत्र उभे असलेले चौदा स्तूप आहेत. ते तेथल्या थेरांच्या स्मरणार्थ आहेत, काहींवर नावे आहेत.

कार्ल्याला जाताना जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडावा लागतो. तेथे सायकलीवरून उतरून, हातात धरून ओलांडावा. कार्ल्याचे चैत्यगृह देशातील सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह. लांबी सुमारे १२४ फूट, उंची सुमारे ४५ फूट. छताच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरचे लाकडी छत्र आजही जागेवर आहे. येथले जुने नाव वलुरक. दात्यांची नावे खांबाखांबांवर आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा सिंहदत्त आहे आणि वेणुवासाचा मुलगा सामी नावाचा सुतार आहे. या सुताराने दरवाजाचे काम केले, असे लेखात लिहिले आहे. आपल्या घरांत सुतार आहेत, गवंडी आहेत, फिटर आहेत. त्यांनी बांधलेल्या इमारतींवर त्यांचे नाव कोणी लिहीत नाही. धम्माच्या इमारतीवर सुताराचे नाव कोरले गेले. हा फरक मुलांना उन्हात, पायऱ्या चढून आल्यावर, त्या दरवाजापाशी उभे करून सांगावा. वर्गात सांगितलेले विसरतात, तेथे सांगितलेले विसरत नाहीत.

मुलींना कॅरिअरवर नको, सीटवर बसवा

आपल्या वस्त्यांत एक गोष्ट सारखी दिसते. मुलगी सातवी-आठवीपर्यंत सायकल चालवते. मग हळूहळू सायकल भावाकडे जाते. ‘आता मोठी झालीस’ एवढे कारण पुरते. शाळा लांब असेल तर बाप सोडायला जातो, बापाची पाळी बदलली की शाळा बुडते. याच कारणाने महाराष्ट्र शासनाने मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना आणली. शासनाला जे समजले ते आपल्या घरात समजायला काय हरकत आहे?

मुलीला सायकल चालवता येते एवढे पुरेसे नाही. तिला लांब जाता येते, पंक्चर काढता येते, रस्ता विचारता येतो, चढ चढता येतो, हे तिला स्वतःला ठाऊक झाले पाहिजे. ते ठाऊक व्हायला आई-वडिलांबरोबरचा तीस किलोमीटरचा शांत रस्ता यासारखी शाळा नाही. आणि आईनेही चालवावी. साडी अडचणीची वाटत असेल तर सलवार-कमीज घालावी. लोक दोन दिवस बोलतील, तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरातली बाई येऊन विचारील, वहिनी, मला शिकवता का? सामडिनिकेचे नाव दोन हजार वर्षे दगडावर टिकले. आपल्या लेकीची सायकल आठवीनंतर टिकत नाही, ही काही धम्माची शिकवण नव्हे.

तयारी

नवी, महाग, गिअरची सायकल घेण्याची गरज नाही. जिन्याखालची काळी सायकल बाहेर काढा. दोन्ही ब्रेकचे रबर पाहा, झिजले असतील तर बदला. हा खर्च टाळू नका. चेनला तेल द्या. टायरला चिरा असतील तर तो घाटात फुटेल, आधीच बदला. सीट इतकी उंच करा की पायडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ होईल. सीट खाली ठेवून चालवल्यानेच बहुतेकांचे गुडघे दुखतात. बरोबर हवेचा पंप, पंक्चरचे सोल्युशन आणि पॅच, टायर काढायच्या पट्ट्या आणि एक पाना असावा. पंक्चर घरी एकदा मुलांकडून काढून घ्यावे.

सराव केल्याशिवाय साठ किलोमीटरचा फेरा करू नये. पहिल्या रविवारी जाऊन-येऊन दहा, दुसऱ्या रविवारी वीस, मग पस्तीस-चाळीस. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. भाकरी, ठेचा, उकडलेली अंडी, शेंगदाणे-गूळ आणि माणशी दोन लिटर पाणी. उपाशीपोटी चालवू नये, पोटभर जेवूनही चालवू नये. तासाला थोडे-थोडे खावे.

उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वर्षावास संपतो, धम्मचक्र प्रवर्तन दिन होतो, थंडी पडते आणि रस्ते कोरडे होतात. पावसाळ्यात मावळ हिरवागार दिसतो, पण रस्ता निसरडा असतो आणि ओढ्याला अचानक पाणी येते. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार माणसे गेली. तो रविवारच होता. भिक्खूंनी पावसाळ्यात फिरणे थांबवले, त्यामागे शहाणपण होते. आपणही त्या चार महिन्यांत विहारात ग्रंथवाचन करावे आणि सायकल पुसून, तेल देऊन ठेवावी.

लेण्यात गेल्यावर

ही तिन्ही लेणी पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके आहेत. भिंतीवर नाव लिहिणे, कोरणे हा गुन्हा आहे, आणि ‘जयभीम’ लिहिले तरी तो गुन्हाच. आणखी एक गोष्ट श्रद्धावान उपासक-उपासिकांना नम्रपणे सांगायची आहे. लेण्याच्या आत मेणबत्ती आणि अगरबत्ती लावू नये. काजळीने दगड काळा पडतो, मेण कोरीव कामात बसते आणि अक्षरे वाचता येईनाशी होतात. वंदनेला वाणी पुरते. शांतपणे त्रिशरण म्हणावे. चैत्यगृहात आवाज कसा घुमतो ते ऐकावे. मेणबत्ती घरी परतल्यावर लावावी.

प्रत्येक घराने एक वही करावी. तारीख, कोण कोण गेले, किती किलोमीटर, कोणती गावे लागली, कोणता शिलालेख पाहिला. लिहिण्याचे काम मुलांकडे द्यावे. वर्षभरात पाच-सहा पाने झाली तरी त्या घराला आपल्या खोऱ्याची आणि आपल्या लेण्यांची ओळख झाली. पुढच्या वेळी वस्तीतून मिनीबस निघेल, तेव्हा तीच मुले बाकीच्यांना सांगतील, हा स्तंभ कोणाचा, हे टाके कोणाचे.

तेव्हा येत्या रविवारी एवढेच करा. सायकल बाहेर काढा, पुसा, हवा भरा आणि घरच्यांना घेऊन जवळच्या विहारापर्यंत जाऊन या. बेडसे त्यानंतर फार लांब नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!